सततचा थकवा : थायरॉइड आणि जीवनसत्त्वांच्या रक्ततपासणीतील आकडे वाचावेत कसे?

सुरंगी, फोंडा

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि वयाची चाळिशी ओलांडली आहे. गेल्या पावसाळ्यापासून थकवा असा काही जडला आहे की रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसते. चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना हात वर धरून उभे राहणे जड गेले आणि मधेच खाली बसावे लागले. केस गळतात, पायऱ्या चढताना धाप लागते. ताप, खोकला, वजनात मोठी घट असे काही नाही.

एका खाजगी लॅबचे ‘पॅकेज’ घेऊन घरीच रक्त दिले. अहवाल बराच लांबलचक आहे, पण ज्या आकड्यांपुढे बाण आले आहेत किंवा ज्यांबद्दल शंका वाटते ते येथे देते. टीएसएच ५.८ (लॅबची मर्यादा ०.४ ते ४.२), फ्री टी-४ १.१ म्हणजे मर्यादेत, ड जीवनसत्त्व १७, बी-१२ २३६ आणि हिमोग्लोबिन १२.१. नात्यातील एका मावशींचे म्हणणे आहे की थायरॉइडची गोळी आता जन्मभर घ्यावी लागेल. शाळेतील एक सहकारी सांगतात की ‘ड’ची पाकिटे घेतली की सगळे ठीक होईल. यांतील कोणता आकडा माझा थकवा खरोखर स्पष्ट करतो आणि डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मी काय समजून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

मांडवीकाठ, पणजी

सुरंगीताई, मी अनेक वर्षे लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. मी फक्त आकडा कसा तयार होतो आणि किती विश्वासाचा असतो एवढेच सांगतो.

टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते सोडते आणि त्याद्वारे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला काम करण्याचा आदेश देते. थायरॉइड कमी पडू लागली की आदेश वाढतो, म्हणून टीएसएच वर जाते. टी-४ थोडेसेच घसरले तरी टीएसएच अनेक पटींनी वाढते, त्यामुळे ही तपासणी फार संवेदनशील आहे, आणि म्हणूनच तिचा लहानसा चढ पाहून लगेच घाबरून जाऊ नये. टीएसएच वाढलेले आणि टी-४ मर्यादेखाली गेलेले असेल तर तो उघड हायपोथायरॉइडिझम. टीएसएच थोडे वाढलेले पण टी-४ मर्यादेत, अशा आपल्यासारख्या स्थितीला सुप्त किंवा सबक्लिनिकल म्हणतात. या दुसऱ्या गटातील बऱ्याच लोकांचे टीएसएच काही महिन्यांत आपोआप मर्यादेत परतते. त्यामुळे टीएसएच १० च्या खाली असताना सर्वसाधारण रीत अशी आहे की दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करावे आणि त्याबरोबर अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी एकदा करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर ग्रंथीला हाशिमोतोचा विकार, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला, असण्याची शक्यता वाढते आणि पुढे ग्रंथी मंदावण्याचा धोका अधिक धरला जातो. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून हे नाव.

दुसरी बाब वेळेची. टीएसएच रात्री सर्वांत जास्त असते आणि दुपारनंतर उतरते. सकाळी सातला दिलेले रक्त आणि दुपारी तीनला दिलेले रक्त यांत निरोगी माणसाचाही आकडा वेगळा येतो. मोठ्या आजारातून उठताना तो काही काळ वाढलेला असू शकतो. पुन्हा तपासणी करताना तीच लॅब, साधारण तीच वेळ आणि अंगात ताप नसलेला दिवस, एवढे पथ्य पाळावे. ३.६ चे ४.५ झाले म्हणजे आजार वाढला असे समजू नये, कारण एवढा फरक एकाच माणसात सहज पडतो.

आता पॅकेजविषयी थोडे परखडपणे लिहितो. लॅबची ‘मर्यादा’ बहुधा अशी आखलेली असते की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत यावेत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यता दर तपासणीमागे ५ टक्के राहते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर किमान एका ठिकाणी बाण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेतले की बाण येणारच. त्यातून निष्कारण चिंता वाढते आणि जी तपासणी खरोखर हवी होती ती नेमकी त्या पॅकेजात नसते. आपल्या यादीत लोहाचा साठा दाखवणारे फेरीटिन दिसत नाही, ते तिथे होते का?

रातराणी, कळंगुट

मी हॉटेलात रात्रपाळी करतो. पाळी संपली की सकाळी थेट लॅबमध्ये जाऊन रक्त देतो, कारण मग घरी जाऊन झोपता येते. माझे टीएसएच एकदा ६ च्या वर आले आणि पुढच्या वेळी ३.२ आले. याचा पाळीशी संबंध असू शकतो का?

मांडवीकाठ, पणजी

होय, संबंध असू शकतो. झोप टीएसएचची रात्रीची वाढ आवरून धरते, आणि रात्रभर जागरण झाले की ती वाढ अधिक उंच जाते. तुम्ही ज्या क्षणी रक्त देता तो तुमच्या शरीरासाठी न झोपलेल्या रात्रीचा शेवट असतो. साप्ताहिक सुटीच्या काळात, निदान दोन-तीन रात्री नीट झोपून, मग सकाळी रक्त द्यावे. अहवाल दाखवताना रात्रपाळीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, कारण रात्रपाळीचा थकवा हा स्वतःच एक स्वतंत्र प्रश्न आहे.

औषधांचे दुकान, मडगाव

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर रोज दिसणाऱ्या काही गोष्टी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

सुरंगीताई, केस गळतात असे आपण लिहिले आहे, म्हणून पहिला प्रश्न विचारतो. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आपण घेता का? त्यांतील पुष्कळ गोळ्यांत बायोटिन १० मिलिग्रॅमपर्यंत असते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे. गरजेच्या तीनशे पटींहून अधिक बायोटिन रक्तात असताना काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. जिची ग्रंथी मंदावली आहे तिचाही अहवाल त्यामुळे निर्दोष दिसू शकतो, आणि जिची ग्रंथी चांगली आहे तिला थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसू शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही यामुळे फसू शकते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि आपण त्या घेतो हे लॅबला सांगावे.

दुसरी गोष्ट ‘ड’च्या पाकिटांची. ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्याला एक असे ठरावीक आठवडेच लिहून दिलेले असते. आमच्या अनुभवात चिठ्ठी जुनी झाली तरी घरातील सगळे जण ती पाकिटे वर्षानुवर्षे दुधात घालून पीत राहतात. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. मात्रा फार झाली तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मग तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा येतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. गंमत नव्हे, थकवा हेही त्या विषबाधेचे लक्षण आहे. प्रौढांची रोजची गरज सुमारे ६०० युनिट आहे, हा आकडा शेजारी ठेवून ६०,००० कडे पाहावे.

आपला १७ हा आकडा थोडा कमी आहे, एवढेच म्हणता येईल. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेने २०११ मध्ये २० नॅनोग्रॅम बहुतेकांना पुरेसे मानले. त्याच वर्षी तेथील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने ३० ही रेषा धरली, आणि २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात त्याच संघटनेने त्या रेषेचा आग्रह सोडला. आपल्याकडील लॅबच्या कागदावर मात्र ३० च्या खाली सरसकट ‘अपुरे’ असे छापलेले असते, त्यामुळे निम्मी वाडी ‘अपुरी’ ठरते. खऱ्या कमतरतेत हाडे दुखतात, मांड्यांतील बळ जाते, पाटावरून उठताना हाताचा आधार लागतो. नुसत्या थकव्याचे खापर १७ वर फोडणे मला पटत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यास ती भर जरूर घालावी.

तिसरेंपोवणी, पेडणे

आम्ही मासळी खाणारे लोक आहोत. बांगडे, तारले, तिसऱ्या, कालवे, सगळे घरात होते. या सगळ्यांत बी-१२ भरपूर असते असे वाचले आहे. तरीही माझ्या वडिलांचे बी-१२ १५८ आले. जून-जुलैची मासेमारीबंदी आणि पाठोपाठ श्रावण यांमुळे असे होत असेल का? आणखी एक शंका आहे. आमच्या भागात आगरवाड्याचे जाडे मीठ अजूनही स्वयंपाकात वापरतात, त्यात आयोडीन घातलेले नसते. त्याने थायरॉइड बिघडते का?

औषधांचे दुकान, मडगाव

बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षे पुरतो. १ जून ते ३१ जुलैची बंदी आणि त्यानंतरचा शिवराक (शाकाहारी) महिना यांनी तो संपत नाही. मासळी खाऊनही बी-१२ कमी असेल तर ते आतड्यात शोषले जाते का, हे पाहावे लागते. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात का? ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेण्याची सवय आहे का? ही दोन्ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ खालावते. ती परस्पर बंद मात्र करू नयेत. पोटातील आवरणाचा एक स्वप्रतिरक्षी विकारही असतो, ज्यात बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारे प्रथिनच तयार होत नाही. पायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल किंवा विसरभोळेपणा वाढला असेल तर १५८ या आकड्यावर उपचार तातडीने सुरू व्हायला हवेत, आणि नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत बसू नये. फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण नसांची हानी चालूच राहते.

रक्त द्यायचे ते सुई किंवा गोळ्या सुरू होण्यापूर्वी. सुई घेतल्यानंतर केलेल्या तपासणीत आकडा हजाराच्या वर येतो, आणि मूळ कमतरता का होती हे त्यातून कळत नाही. पुष्कळांना सुईच हवी असते, परंतु रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तर शोषण बिघडलेले असतानाही त्यातील एक टक्क्याच्या आसपास अंश आतड्यातून पार होतो आणि तेवढा बहुतेकांना पुरतो. नसांची लक्षणे असतील तेव्हा डॉक्टर सुईच निवडतात.

मिठाबद्दल डॉक्टरांनी लिहावे.

वाळपईचा वैद्य, सत्तरी

मी सत्तरीत प्रॅक्टिस करतो. मिठाचा प्रश्न आधी घेतो. आयोडीनच्या अभावामुळे होणाऱ्या गलगंडासाठी देशात १९६२ मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ हा त्याचा कणा आहे. आगराचे मीठ परंपरेने कितीही आपले असले तरी त्यावर आयोडीनसाठी विसंबता येत नाही. किनाऱ्यावरच्या घरात मासळीतून काही आयोडीन मिळते, घाटाच्या पायथ्याच्या गावात तेवढे मिळेलच असे नाही, आणि गर्भवती स्त्रीला तर ते अधिक लागते. लोणच्याला, मासे खारवायला आगराचे मीठ खुशाल वापरावे. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ असावे, आणि ते चुलीजवळ उघडे ठेवू नये. याउलट आयोडीनची भरपूर मात्रा असलेल्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पूड ‘थायरॉइडसाठी’ म्हणून घेणेही धोक्याचे आहे, कारण जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

आता सुरंगीताईंच्या अहवालाकडे येतो. मला सर्वांत जास्त खटकतो तो १२.१ हिमोग्लोबिनचा आकडा, ज्यापुढे बाणही आलेला नाही. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची रेषा १२ आहे, म्हणून लॅबने तो मर्यादेत धरला. पण हिमोग्लोबिन हा ताटात वाढलेला भात आहे आणि फेरीटिन हा कणगीतील साठा. कणगी तळाला लागली तरी घरची बाई ताट काही दिवस भरलेलेच ठेवते. लोहाचा साठा संपत आला की थकवा, पायऱ्यांवर लागणारी धाप आणि केसगळती ही लक्षणे हिमोग्लोबिन घसरण्यापूर्वीच येऊ शकतात. आपल्या अहवालात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारांतील तफावत) हे दोन आकडे असतीलच. एमसीव्ही ८० च्या आसपास किंवा खाली आणि आरडीडब्ल्यू वाढलेला असेल तर संशय बळावतो. बी-१२ आणि लोह दोन्ही कमी असतील तर एकाने पेशी मोठ्या होतात आणि दुसऱ्याने लहान, त्यामुळे सरासरी एमसीव्ही सामान्य दिसून दोन्ही उणिवा झाकल्या जातात. म्हणून फेरीटिन तपासावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांत १५ च्या खालचे फेरीटिन म्हणजे लोहाचा अभाव मानते, दवाखान्यात आम्ही ३० च्या खालीही गांभीर्याने पाहतो. ताप किंवा सूज असताना फेरीटिन खोटेच वाढते, तेव्हा त्याबरोबर शरीरातील सूज दाखवणारी सीआरपी ही तपासणी पाहणे उपयोगी पडते.

आणि मासिक पाळीविषयी कोणी विचारले का? चाळिशीतील स्त्रीच्या थकव्यात हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. आमच्या दवाखान्यात तो विचारला की बहुतेक बायका आधी सोबत आलेल्या माणसाकडे पाहतात आणि मग ‘तसे नेहमीचेच आहे’ म्हणतात. रात्री उठून पॅड बदलावे लागणे, गुठळ्या पडणे, रक्तस्राव आठवड्याहून अधिक चालणे, हे ‘नेहमीचे’ नाही.

टीएसएच ५.८ वर गोळी सुरू करावी का, याबद्दल माझे मत मांडवीकाठ यांच्याशी जुळते. ६५ वर्षांवरील ७३७ लोकांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुप्त हायपोथायरॉइडिझमसाठी लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी दिली, टीएसएच उतरले, पण थकवा कमी झाला नाही. आपले वय त्याहून कमी आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. तरी एवढे खरे की टीएसएच थोडेसे वाढलेले असताना गोळीने थकवा जाईल असे वचन कोणीही देऊ नये. गर्भधारणेचा विचार असेल तर हिशेब वेगळा आहे, तेव्हा थांबू नये. टीएसएच १० च्या वर राहिले किंवा टी-४ खाली गेले तर गोळी लागतेच, आणि ती नेमून दिल्यास निष्ठेने घ्यावी. गरज नसताना किंवा जास्त मात्रेत घेतली तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

रक्तात न सापडणारी कारणेही असतात, ती विसरू नयेत. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलेला माणूस कित्येक आठवडे गळून जातो. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, मनाची उदासी, वाढलेली साखर, मूत्रपिंडांचा आजार, ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असू शकते. वजन झपाट्याने उतरणे, रात्री घाम, शौचातून रक्त, काळा शौच किंवा छातीत दुखणे असेल तर महिन्याभराची वाट पाहू नये.

अबोली, डिचोली

डॉक्टरांनी घोरण्याचा उल्लेख केला, म्हणून लिहिते. माझ्या यजमानांच्या थकव्यासाठी बी-१२, ड, थायरॉइड सगळे तपासून झाले होते आणि सगळे मर्यादेत होते. रात्री त्यांचा श्वास मधेच थांबतो आणि मग एकदम मोठा आवाज होऊन सुरू होतो, हे मी डॉक्टरांना सांगितल्यावर झोपेची तपासणी झाली आणि स्लीप ॲप्नियाचे निदान झाले. आता ते यंत्र लावून झोपतात आणि दुपारी खुर्चीत डुलक्या घेत नाहीत. जोडीदाराने स्वतः डॉक्टरांकडे सोबत जाऊन हे सांगावे, कारण झोपलेल्या माणसाला ते ठाऊकच नसते.

सुरंगी, फोंडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. केसांच्या गोळ्या मी घेत नव्हते. जुना अहवाल पुन्हा पाहिला तेव्हा एमसीव्ही ७९ आणि आरडीडब्ल्यू १६.४ असे आढळले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना हे सगळे दाखवले, पाळीचा त्रास प्रथमच मोकळेपणाने सांगितला, आणि त्यांनी फेरीटिन, सीआरपी व पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. फेरीटिन ९ आले, सीआरपी सामान्य आहे आणि सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड म्हणजे साधी गाठ दिसली. त्यासाठी आता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्त्रीरोग विभागात दाखवायचे आहे. थायरॉइडची गोळी सुरू केलेली नाही. टीएसएच, टी-४ आणि अँटी-टीपीओ ठरल्याप्रमाणे पुढे करायचे आहेत. बी-१२ ची गोळी आणि लोहाची गोळी सुरू झाली आहे.

लोहाच्या गोळीने मळमळते आणि शौच काळी होते. वाळपईच्या डॉक्टरांनी वर काळ्या शौचाला धोक्याचे लक्षण म्हटले होते, म्हणून विचारते. ती एक दिवसाआड घेतली तर चालेल का, आणि पुढची तपासणी केव्हा करावी?

औषधांचे दुकान, मडगाव

लोहाच्या गोळीने शौच काळपट होणे अपेक्षित आहे. मात्र ती डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

एक दिवसाआड घेण्यास शास्त्रीय आधार आहे. लोहाची मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडीन नावाचे संप्रेरक वाढते आणि पुढच्या दिवशीचे शोषण कमी करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासात लोह कमी असलेल्या स्त्रियांत एक दिवसाआड दिलेल्या गोळीतून लोहाचा अधिक अंश शोषला गेला. आपल्या डॉक्टरांना विचारून तसे करावे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. मळमळ असह्य असेल तर थोड्या जेवणानंतर घेतली तरी चालते, फक्त शोषण काहीसे घटते. आणि पुढे कधी थायरॉइडची गोळी लागलीच तर ती आणि लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

वाळपईचा वैद्य, सत्तरी

चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावे, त्यात हिमोग्लोबिन वाढू लागलेले दिसायला हवे. फेरीटिन तीन महिन्यांनी करावे, आणि टीएसएचची पुनर्तपासणी त्याच वेळी केली तर एकदाच सुई टोचून घ्यावी लागेल. त्या दिवशी सकाळी लोहाची गोळी घेऊ नये. हिमोग्लोबिन १३ झाले म्हणून गोळी थांबवू नये, साठा भरण्यासाठी ती त्यानंतरही सुमारे तीन महिने लागते. फायब्रॉइडमुळे रक्तस्राव तसाच चालू राहिला तर फेरीटिन पुन्हा खाली येईल, म्हणून गोमेकॉतील भेट पुढे ढकलू नये, आणि जाताना पहिल्या पॅकेजचा अहवाल, नवे अहवाल व पाळीच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्यावा.